लोकरीची पँट घेताना
जानेवारीत मनाली-शिमल्याला निघताय? जीन्स घरीच ठेवा; बर्फात एकदा भिजली की लवकर वाळत नाही, मांड्या पार गारठतात. लोकरीची पँट घेताना आधी आतलं लेबल वाचा, लोकर निदान 70 टक्के तरी हवी. मग कापड उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला तर ते सुटाचं पातळ कापड, कडाक्याच्या थंडीचं नव्हे. त्यापेक्षा फ्लॅनेल, म्हणजे लव काढलेलं लोकरीचं कापड बघा; त्यावर हात फिरवला की मऊ लव लागते. त्या लवेतच हवा अडकते आणि ऊब टिकते. कापडाचं वजन 300 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या) पुढचं बघा. गुडघ्यापर्यंत अस्तर असेल तर टोचत नाही. आणि घट्ट मुळीच घेऊ नका, आत थर्मल घालून दुकानातच एकदा उकिडवं बसून बघा.