थायलंडला फिरायला जाताय? आधी स्कूटर आणि समुद्राचं बोलू

हल्ली सुट्टी लागली की ऑफिसात, सोसायटीत, नात्यात कुणी ना कुणी थायलंडला निघालेलं असतंच, आणि निघायच्या आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, तिकडे सेफ आहे ना? तर हो, आहे. बँकॉकमधे रात्री उशिरासुद्धा बायका एकट्या ट्रेनने ये-जा करत असतात, लोक शांत आहेत, भाषा नाही आली तरी मदत करतात. पण आपण काळजी करतो पाकीटमारांची आणि खरी मोठी दुखणी होतात रस्त्यावर आणि पाण्यात, म्हणून मी पण त्याच क्रमाने लिहितेय, फसवणुकीचं नंतर.

फुकेत, क्राबी, पटाया, कोह सामुई, कुठेही उतरा, हॉटेलच्या बाहेरच भाड्याच्या स्कूटर लावलेल्या दिसणार. तिकडे ट्रॅफिक आपल्यासारखंच डावीकडून चालतं, गाडी पण घरच्या स्कूटरसारखीच, त्यामुळे आपल्या पोरांना वाटतं यात काय आहे, पुण्यात रोज चालवतोच की. पण डब्ल्यूएचओच्या रस्ते अपघातांच्या अहवालांमधे थायलंडचं नाव वर्षानुवर्षं सगळ्यात वाईट देशांत येतंय आणि मरणाऱ्यांमधे बहुतेक जण दुचाकीवरचे असतात. फुकेतला पातोंग बीचवरून बाहेर पडायचं तर चक्क घाट आहे, तीव्र चढ, वळणं, आणि बाजूने मिनीबस सुसाट जातात, त्यात पाऊस पडून गेला असेल तर रस्ता घसरडा. स्लीपर-बर्म्युड्यावर, मागे बायको, मधे मूल, असं तिथे अजिबात जाऊ नका.

तरीही चालवायचीच असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या. सारथी पोर्टलवरून आरटीओकडे अर्ज करायचा, फी 1000 रुपये, एक वर्ष चालतं. आणि हातात आलं की लगेच बघा, त्यात दुचाकीचा शिक्का आहे का. नुसतं कारचं असेल तर स्कूटरला ते चालत नाही. गाडी देणारा काहीच विचारत नाही, त्याला भाड्याशी मतलब, पण उद्या पडलात आणि हाडबीड मोडलं तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते, परवाना होता का, हेल्मेट होतं का, दारू घेतली होती का, आणि एकाचं जरी उत्तर चुकलं तरी क्लेम अडकतो. तिकडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलमधे ऑपरेशनचं बिल काही लाखांत जातं, ते मग घरून कुणीतरी पाठवायचं.

अजून एक, गाडीच्या बदल्यात ओरिजनल पासपोर्ट ठेवून घेतात. देऊ नका. कॅश डिपॉझिट आणि पासपोर्टची झेरॉक्स घेणारी दुकानं असतात, जरा दोन दुकानं पुढे जावं लागतं एवढंच. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमधे असला की गाडी परत देताना तो म्हणेल तो ओरखडा तुमचा आणि तो म्हणेल ते पैसे. गाडी घेतानाच दुकानदारासमोर चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, खालचा भाग आणि आरसेसुद्धा. जेट स्कीचं पण हेच, पटाया आणि फुकेतला जुने ओरखडे नव्याने दाखवून हजारो बाथ (तिकडचं चलन) मागायचा प्रकार खूप जुना आहे, अंगावर चार जण येऊन उभे राहतात. माझं स्पष्ट मत, जेट स्की सोडूनच द्या. फिरायला ग्रॅब किंवा बोल्ट हे टॅक्सी मागवायचं अ‍ॅप वापरा, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही.

आता समुद्र. आपल्याकडे शाळांना सुट्टी मे महिन्यात असते आणि नेमकं तेव्हापासूनच फुकेत, क्राबी, फी फी या अंदमान समुद्राच्या बाजूला पावसाळा सुरू होतो, तो साधारण ऑक्टोबरपर्यंत. म्हणूनच त्या दिवसांत पॅकेज स्वस्त मिळतं, हे एजंट स्वतःहून सांगतोच असं नाही. कोह सामुईची बाजू वेगळी, तिकडे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. पावसाळ्यात कारोन, काटा, सुरिन या किनाऱ्यांवर पाणी आत ओढतं, वरून बघाल तर लाटांच्या मधे एक शांत पट्टा दिसतो आणि माणसाला वाटतं इथे उतरावं, तर तीच ओढ असते. लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही जायचं नाही, आणि शेजारी परदेशी लोक पोहत असले म्हणून तर मुळीच नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमछाक होते आणि माणूस त्यानेच बुडतो, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या आणि मग किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल तर एक हात वर करून तरंगत राहा, ओरडा.

बोटीचं पण तसंच. 5 जुलै 2018 ला फुकेतजवळ फिनिक्स नावाची टुरिस्ट बोट वादळात बुडाली आणि 47 चिनी पर्यटक गेले, हवामान खात्याचा इशारा असताना बोट बाहेर गेली होती. तेव्हा आदल्या दिवशी हवामान बघा आणि ऑपरेटर म्हणाला काही होत नाही तरी तुम्हाला पटत नसेल तर पैसे गेले तर जाऊ द्या पण बसू नका. लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवायचं नाही, घालून पट्टे आवळायचे, आणि लहान मुलांचं जॅकेट वेगळं मागून घ्यायचं कारण मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खाली सटकतं.

स्पीडबोटमधे कुठे बसायचं हे तर कुणीच सांगत नाही. पुढच्या टोकाला बसायला सगळे धावतात, फोटो चांगले येतात, वारा लागतो. पण लाट आली की बोटीचं नाक वर उचललं जातं आणि धाडकन पाण्यावर आपटतं, तो सगळा दणका पुढे बसलेल्यांच्या कण्यात जातो, मणका मोडल्याच्या केसेस याच जागेवरच्या असतात. आई-बाबा बरोबर असतील, कुणाचं कंबरेचं दुखणं असेल, कुणी प्रेग्नंट असेल तर चढतानाच मागच्या बाजूला, इंजिनजवळ जागा पकडा. खरं तर गरोदर बाईने स्पीडबोटच टाळावी, मोठ्या फेरीबोटीने जावं.

सामुई, कोह फांगान बाजूला बॉक्स जेलीफिश आढळतात आणि त्यांचा डंख जीवघेणा ठरू शकतो. काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेल्या दिसतील, त्या त्यासाठीच. डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी टाकायचं नाही, किमान 30 सेकंद व्हिनेगर ओतत राहायचं आणि कुणालातरी लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगायचं. मुलांना फुल बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला, उन्हापासूनही बचाव होतो. आणि माकडं. फी फी बेटांवर माकडांना खायला घालत फोटो काढतात, नका करू. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, भारतात आल्यावर बघू असं चालत नाही.

फसवणुकीत सगळ्यात जुनं आणि अजूनही चालणारं म्हणजे बँकॉकच्या ग्रँड पॅलेसच्या, म्हणजे राजवाड्याच्या, बाहेरचं. नीटनेटका शर्ट घातलेला, गळ्यात कार्ड असलेला माणूस हसत येतो, विचारतो कुठून आलात, इंडिया का, वा वा, आणि मग सांगतो की आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर तुम्हाला टुकटुक (तिकडची रिक्षा) करून देतो, फक्त 20 बाथमधे तीन देवळं. ती टुकटुक शेवटी जाते खड्यांच्या नाहीतर सुटाच्या दुकानात आणि तिथून सुटका नाही. पॅलेस एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो, बंद आहे की नाही ते गेटवर जाऊन स्वतः बघायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेवढे कपडे मात्र घालून जा. कार्ड स्वाइप करताना मशीन विचारतं बाथ की रुपये, बाथच निवडा, रुपयात रेट वाईट लागतो. आणि थायलंडमधे शिरायच्या आधी भरायचं डिजिटल अरायव्हल कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे, ते फुकट आहे, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. पैसे मागणाऱ्या साइट गूगलवर सगळ्यात वर येतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी गो डॉट टीएच आहे ना ते बघून मगच पासपोर्टचा नंबर टाका.

आता एक गोष्ट जी मला मनापासून सांगायचीय, विशेषतः कॉलेजच्या मुलांना. बँकॉकहून मुंबईला येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगेत हायड्रोपोनिक (मातीविना पाण्यात वाढवलेला) गांजा सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचत असालच, कस्टम्स तो सतत पकडतंय. पकडले गेलेल्यांत फुकट बँकॉक ट्रिपच्या आमिषाने गेलेली साधी मुलं असतात, येताना फक्त एक बॅग आण एवढंच सांगितलेलं असतं. मोठ्या प्रमाणात माल असेल तर एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली 10 ते 20 वर्षांची शिक्षा आहे. कुणाचीही बॅग, कुणाचाही खाऊ, अगदी मित्राच्या मित्राचं गिफ्टसुद्धा आणायचं नाही. तिकडे रस्त्यावर गांजाची दुकानं दिसतात म्हणून सगळं चालतं असं समजू नका, 2022 साली मोकळीक दिली होती पण जून 2025 पासून डॉक्टरची चिठ्ठी लागते. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर थायलंडमधे बेकायदाच. राजाबद्दल, राजघराण्याबद्दल चेष्टेतसुद्धा काही बोलायचं-लिहायचं नाही, त्याला तुरुंगवास आहे.

टूर सिंगापूर-थायलंड अशी जोडून असेल तर घरून नेलेला डबा एकदा तपासा. सिंगापूरमधे खसखस चालत नाही, दुबईमार्गे जात असाल तर तिथेही नाही, म्हणजे अनारसे आणि घरचा मसाला न्यायच्या आधी विचार करा. गुटखा, च्युइंगम पण सिंगापूरला नको.

ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना बीपी-शुगर असेल तर लपवू नका, आणि पॉलिसीवरचा मदतीचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण हॉस्पिटलमधे दाखल करताना पैशाची हमी मागतात आणि ती विमा कंपनीकडून येते, म्हणून शक्य तेवढ्या लवकर त्यांना फोन जायला हवा. गोळ्या मूळ स्ट्रिपमधे, चिठ्ठीसकट, हँडबॅगेत. डब्यात सुट्ट्या करून नेऊ नका.

थायलंडमधले नंबर: टुरिस्ट पोलीस 1155, इंग्रजीत बोलता येतं, नेहमीचे पोलीस 191, अ‍ॅम्ब्युलन्स 1669. आई-बाबांच्या फोनमधे पण सेव्ह करून द्या.

पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करून तिची प्रत घ्या, मग बँकॉकमधे सुखुमवित सोई 23 वर आपला दूतावास आहे तिथे जा. लगेच परतायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मागा, त्यावर भारतात एकदाच येता येतं. फोटो, तक्रारीची प्रत, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स बरोबर ठेवा, आणि सर्टिफिकेट मिळाल्यावर थेट विमानतळावर न जाता आधी थाई इमिग्रेशनकडून तुमच्या एन्ट्रीची नोंद त्यावर करून घ्यायचं काय ते दूतावासातच विचारून घ्या. यात कामाचे दोन-चार दिवस जाऊ शकतात, मधे शनिवार-रविवार आला तर जास्तच, तेव्हा परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढलेलं बरं.