पावडर आहे का रांगोळी?

अंबाजोगाईहून पहाटेची एसटी, पिशवीत डबा, आणि डब्याशेजारी कापसात गुंडाळलेल्या ७ बाटल्या. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा एका विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात निघाले होते. आमच्या कॉलेजात हॉटप्लेट, वजनकाटा आणि मफल फर्नेस एवढंच. कोबाल्ट फेराइट (कोबाल्ट आणि लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड) बनवायला तेवढं पुरतं. नायट्रेट आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवायचं, अमोनिया घालून पीएच ७ वर आणायचा. जेल आटत जातं आणि मग आतूनच पेट घेतं. भुसभुशीत काळी राख फुगून बीकरच्या तोंडाशी येते. ती ६०० अंशांवर ४ तास भाजायची. पण झालंय ते फेराइटच का, हे सांगायला एक्सआरडी लागतो, म्हणजे एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना ओळखायचं यंत्र.

ऑपरेटर काकांनी बाटलीतली चिमूटभर घेऊन बोटांत चोळली.

"कुठून यायलात?"

"अंबाजोगाई."

"एवढ्या लांबून आलात, पण ही पावडर आहे का रांगोळी?"

दाणे बोटाला लागत होते. एक्सआरडीला कण बारीक आणि सगळ्या दिशांना तोंड करून बसलेले हवेत. भरड असले की आलेखातलं एखादं पीक (टोक) उगाच उंच होतं, एखादं दबतं. काकांनी अगेटचा खल पुढे सरकवला. मी घोटत बसले आणि माझा स्लॉट गेला.

तर मैद्यासारखं होईपर्यंत घरूनच घोटून न्या. एक्सआरडीला अर्धा-एक ग्रॅम असलेलं बरं. एफटीआयआरला (पदार्थ कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतो ते बघायचं यंत्र) १-२ मिलिग्रॅम पुरतं, पण ते ज्यात मिसळून गोळी दाबतात ते पोटॅशियम ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात आलेखातले ३४०० आणि १६३० सेमी⁻¹ च्या आसपासचे पट्टे मी माझ्या फेराइटचे समजून अहवालात चक्क लिहून टाकले होते. ते पाण्याचे होते.

फॉर्मवर सॅम्पलमध्ये काय आहे ते नीट लिहा. ही नुसती औपचारिकता नाही. तांब्याच्या ट्यूबचे एक्स-रे लोखंडावर पडले की लोखंड स्वतःच चमकतं आणि आलेखाची पार्श्वभूमी वर उचलली जाते. आधी कळलं तर ऑपरेटर स्कॅन सावकाश लावतो. टीईएमला (इलेक्ट्रॉन आरपार पाठवून बघणारा सूक्ष्मदर्शक) तर चुंबकीय पावडर म्हटलं की बरीच केंद्रं नाही म्हणतात, कारण भिंगाच्या चुंबकीय क्षेत्रात कण उडून आत चिकटायची भीती. निघण्याआधी फोन करून विचारा, एसटीचे पैसे वाचतील.

एसईएमबद्दल, म्हणजे पृष्ठभागाचा फोटो काढणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल, माझं मत जरा कडू आहे. थीसिसमध्ये फोटो छान दिसतो म्हणून जो तो तिकडे धावतो. २० नॅनोमीटरचे कण साध्या टंगस्टन फिलामेंटच्या एसईएमवर बघायला गेलात तर ढेकळंच दिसतील. त्याला एफई-एसईएम (त्याचाच जास्त बारीक बघणारा प्रकार) लागतो, दर वेगळा, रांगही वेगळी.

आपल्याकडे आधी संभाजीनगर नाहीतर नांदेडच्या विद्यापीठात चौकशी करा. नांदेडचं १९९४ ला झालं, त्याआधी तिकडच्या पोरांनाही औरंगाबादच गाठावं लागे. तिथे नाही जमलं तर आयआयटी मुंबईचं सैफ हे उपकरण केंद्र आहे. देशभरातली यंत्रं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. गाईडच्या सहीचं पत्र मात्र सोबत ठेवाच.

निघताना छापील आलेखावर समाधान मानू नका, आकड्यांची फाइल मागा. माझं मुख्य पीक ३५.५ अंशांना आलं, रुंदी ०.४. पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढायच्या शेररच्या सूत्रात घातलं, उत्तर ०.३६ नॅनोमीटर. आनंदाने सरांना दाखवलं. सर काही बोलले नाहीत, ०.३६ भोवती गोल केला आणि शेजारी ०.८४ लिहिलं. कोबाल्ट फेराइटच्या युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान पेशीची) बाजूच ०.८४ नॅनोमीटर असते, म्हणजे माझा अख्खा स्फटिक त्याच्या एका पेशीहून लहान निघाला होता! रुंदी मी अंशांतच ठेवली होती, रेडियनमध्ये केली नव्हती. केली तेव्हा २१ आलं.

तेही पक्कं नव्हतं, कारण थोडी रुंदी यंत्राची स्वतःची असते. ती वजा करायला त्याच यंत्रावर घेतलेला प्रमाणित सिलिकॉनचा स्कॅन लागतो. पहिल्याच फेरीत मागून घ्या. मी तेवढ्यासाठी तिसऱ्यांदा एसटीत बसले.