नवरात्राआधी मुलांच्या फोनवर करायची कामं : बडोद्यातल्या आईबाबांसाठी

गेल्या नवरात्रात माझी पंधरा वर्षांची भाची पाचव्या माळेपासून गरब्याला जायला नको म्हणू लागली. पाय दुखतात, चाचणी परीक्षा आहे, अशी काहीबाही कारणं. जी मुलगी आषाढापासून चणियाचोळीला कुठले आरसे लावायचे याचा विचार करते, ती गरबा नको म्हणते हे घरात कुणाला तरी खटकायला हवं होतं. आमच्यापैकी कुणालाच खटकलं नाही. नवमीला ती दांडिया बाजारातल्या माझ्या घरी आली आणि जिन्यातच रडायला लागली. गरब्याच्या फोटोतला तिचा चेहरा उचलून कुणीतरी उघड्या शरीरावर लावला होता. पैसे दे, नाहीतर तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो, अशी धमकी होती. चार दिवस ती हे एकटी सोसत होती. आईबाबांना का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "आत्या, फोनही गेला असता आणि गरबाही."

पुढे सेटिंग्ज आहेत, कायदा आहे, नंबर आहेत. पण मूल आपल्याकडे आलंच नाही तर यातलं काहीच उपयोगाला येत नाही. म्हणून कामांचा क्रम तिच्या त्या उत्तरावरून लावला आहे.

आधी शब्द द्या

मुलाला शांतपणे, जेवताना किंवा गाडीवरून शिकवणीला सोडताना सांगा : "फोनवर काहीही झालं, अगदी तुझी चूक असली तरी, मला सांगितलंस म्हणून मी तुझा फोन काढून घेणार नाही." हा शब्द घरातल्या सगळ्यांनी पाळायचा आहे. आईनं दिला आणि बाबांनी मोडला, किंवा आजोबांनी "आमच्या वेळी हे असलं नव्हतं" म्हणून सुरुवात केली, की मूल पुन्हा बोलणार नाही. तेव्हा मोठ्यांनी आधी आपापसात बोलून घ्यावं.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांची आणखी एक गोष्ट आहे. मुलं घरी मराठी बोलतात, शेजारी गुजराती, शाळेत इंग्रजी आणि फोनवर या सगळ्यांची हिंदीशी केलेली खिचडी. त्यांच्या चॅटमधलं निम्मं आपल्याला कळत नाही आणि ते विचारायची आपल्याला लाज वाटते. विचारा. "हे म्हणजे काय गं?" असं खरोखर जाणून घ्यायला विचारलं तर मुलं हौसेनं सांगतात. धमकी आली तर ती वाचून दाखवायलाही मग जीभ अडखळत नाही.

जन्मतारीख खरी टाका

इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सॲप या सगळ्यांचं किमान वय 13 आहे. अनेक घरांत दहा वर्षांच्या मुलाचं खातं आईबाबांनीच वीस वर्षांची जन्मतारीख टाकून उघडून दिलेलं असतं. मग ॲपच्या लेखी ते मूल मूल राहत नाही आणि मुलांसाठी असलेलं एकही संरक्षण त्याला मिळत नाही.

इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी 2025 पासून भारतात टीन अकाउंट सुरू केलं. त्यात 18 वर्षांखालच्यांचं खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी लोकांचे मेसेज अडतात, दिवसाला 60 मिनिटं झाली की आठवण येते आणि रात्री 10 ते सकाळी 7 सूचना बंद राहतात. सोळा वर्षांखालच्या मुलाला हे नियम सैल करायचे असतील तर पालकाची परवानगी लागते. पण हे सारं जन्मतारखेवर चालतं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, तिथे पर्सनल डिटेल्स, तिथे बर्थडे. खोटं वर्ष असेल तर आजच बदलून घ्या.

तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं उघडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी यूट्यूब किड्स आहे, शाळेच्या सूचना तुमच्या नंबरवर येऊ शकतात. ॲन्ड्रॉइड फोन देणारच असाल तर गूगलचं फॅमिली लिंक लावा. कुठलं ॲप घ्यायचं आणि किती वेळ वापरायचं हे तुमच्या फोनवरून ठरवता येतं. आयफोनवर हेच काम स्क्रीन टाइम करतं.

एक संध्याकाळ शेजारी बसून

फोन मुलाच्याच हातात राहू द्या. आधी तुमच्या फोनवर सेटिंग बदला, मग त्याला त्याच्या फोनवर करायला सांगा, म्हणजे झडती घेतल्यासारखं वाटणार नाही.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे जाऊन "माय कॉन्टॅक्ट्स" निवडा. हे केलं नाही तर ज्याच्याकडे नंबर आहे तो कुणीही मुलाला वाटेल त्या ग्रुपमध्ये ओढू शकतो. प्रोफाइल फोटो आणि स्टेटसलाही तेच. कॉल्समध्ये अनोळखी नंबर सायलेन्स करता येतात, तेही करा. टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा, म्हणजे मुलाच्या नंबरवर दुसऱ्या कुणाला व्हॉट्सॲप सुरू करता येत नाही. मग लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा : तिथे ओळखीचा नसलेला एखादा कॉम्प्युटर दिसला तर कुणीतरी मुलाचे सगळे मेसेज वाचतं आहे, तो तिथल्या तिथे लॉग आउट करा.

स्नॅपचॅटच्या नकाशावर घोस्ट मोड चालू हवा, म्हणजे मूल कुठे आहे हे कुणाला दिसत नाही. त्यांच्या फॅमिली सेंटरमध्ये मूल कुणाशी बोलतं हे पालकाला दिसतं, काय बोलतं ते दिसत नाही. तेवढं पुरे आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणींशी चाललेल्या गप्पा वाचायचा हक्क मला हवासा वाटत नाही.

आणि आजीचा फोनही याच बैठकीत घ्या. नातवंडांचे फोटो सगळ्यात जास्त कुठून पसरतात, तर आजी-आजोबांच्या स्टेटसमधून आणि ज्ञातीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपमधून. त्यांना रागावू नका, प्रायव्हसीचं तेच बटण त्यांच्याही फोनवर दाबून द्या.

गरब्याचे फोटो

नऊ रात्री, नऊ पोशाख, रोज शंभर फोटो. मुलांनी फोटो काढू नयेत असं म्हणणं म्हणजे त्यांनी गरबा खेळू नये असं म्हणणं. तेव्हा फोटो काढू द्या, फक्त चार गोष्टी पक्क्या करा.

एक, मैदानावर असताना टाकायचे नाहीत. घरी येऊन, दुसऱ्या दिवशी टाकायचे. ज्या क्षणी "आत्ता अमुक मैदानावर" असं जगाला कळतं, त्या क्षणी घर कुठे रिकामं आहे आणि मुलगी कुठे आहे ही दोन्ही माहिती बाहेर गेलेली असते. घरच्यांना मात्र ती माहिती हवी. त्यासाठी व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आहे. 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे तीन पर्याय येतात; गरब्याच्या रात्री 8 तासांचा निवडून फक्त आईला पाठवायचा. बाकी ॲप्सना फोनच्या परवानग्यांमध्ये जाऊन लोकेशन नाकारा.

दोन, पासचा फोटो टाकायचा नाही. पासवर बारकोड असतो आणि तो फोटोवरून उचलता येतो. पास मिळाला या आनंदात मुलं सगळ्यात आधी त्याचाच फोटो टाकतात.

तीन, फोटोच्या मागे काय आहे ते बघायचं. पोळाच्या (जुन्या वस्तीतल्या गल्लीच्या) तोंडाची पाटी, सोसायटीचं नाव, स्कूटीची नंबरप्लेट, शाळेचा बिल्ला. फोटो कापून टाकला तरी चालतो.

चार, खातं प्रायव्हेट आणि फॉलोअर ओळखीचेच. भाचीचं खातं उघडं होतं. आता कुणाही माणसाच्या साध्या, पूर्ण कपड्यांतल्या फोटोवरून खोटा नग्न फोटो बनवणारी साधनं आहेत. भाचीच्या चोळीची पाठ किती खोल होती, हा प्रश्न तेव्हा आमच्याही घरात एका वडीलधाऱ्यानं विचारला. त्या प्रश्नानं ती पुन्हा दोन दिवस गप्प झाली. कृपा करून हा प्रश्न कुणी विचारू नये. शाळेच्या गणवेशातल्या फोटोचंही हेच करता येतं.

रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर

सगळ्यांचे, मोठ्यांचेही. चार्जर स्वयंपाकघरात ठेवा. गजर लावायला साधं घड्याळ आणा.

अनोळखी माणूस कसा शिरतो

तो एकदम फोटो मागत नाही. बहुतेक वेळा सुरुवात गेममधल्या चॅटमध्ये किंवा एखाद्या कमेंटखाली होते. तो मुलाच्याच वयाचा असल्याचं सांगतो, खेळ छान खेळतोस म्हणतो, गेममधली एखादी वस्तू भेट देतो. मग "इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये" म्हणतो. मग "घरी सांगू नकोस." मग फोटो. आणि फोटो मिळाला की त्याची भाषा बदलते. हे मुलींपुरतं नाही. पैशांसाठी धमकावणारे मुलग्यांनाही गाठतात, मुलगी असल्याचं भासवून, आणि मुलगे तर आणखीच बोलत नाहीत.

मुलांना दोनच वाक्यं लक्षात ठेवायला सांगा. जो दुसऱ्या ॲपवर बोलावतो आणि जो घरी सांगू नको म्हणतो, तो कितीही चांगला वाटला तरी आपल्याला येऊन सांगायचं. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला एवढं पुरलं. एका गेममधल्या "दादा"बद्दल तो आपणहून सांगायला आला.

घडलंच तर

पहिलं वाक्य : "बरं झालं सांगितलंस." त्यानंतर पाणी द्या, शेजारी बसा. प्रश्न नंतर.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. आधीच दिले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

चॅट पुसू नका आणि खातं बंद करू नका. घाबरून आपण हेच पहिल्यांदा करतो आणि पुरावा जातो. धमकी देणाऱ्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, मेसेज, तारीख-वेळ, पैसे मागितलेला यूपीआय आयडी, या सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, आणि व्हॉट्सॲपवर एकदाच दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट घेताच येत नाही. तिथे दुसऱ्या फोननं पडद्याचा फोटो काढा. मात्र मुलाचा नग्न फोटो असेल, खरा किंवा खोटा, तर तो कॉपी करू नका आणि काकांना किंवा वकील मित्राला "बघ" म्हणून पाठवू नका. मुलांची अशी चित्रं पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 बी खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. ते मूळ जागीच राहू द्या आणि पोलिसांना तिथेच दाखवा. मग ॲपमध्ये रिपोर्ट करा, आणि त्यानंतर ब्लॉक.

टेक इट डाउन नावाची एक मोफत सेवा आहे, 18 वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी. ती फोटो मागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा आकड्यांमधला ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तोच फोटो तिथे दिसला तर त्यांना ओळखून काढता येतो. भाचीनं स्वतः हे केलं. चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी तिच्या हातात आलं.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांसाठी तिथे वेगळा विभाग आहे, आणि नाव न देताही तक्रार करायची सोय आहे. पोलीस ठाण्यात जायचं तर हद्दीचा प्रश्न अडवत नाही. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. मुलाला थेट कुणाशी तरी बोलायचं असेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, चोवीस तास. गुजरातमध्ये मुली आणि महिलांसाठी 181 अभयम ही हेल्पलाइन आहे. जिवाला धोका वाटला तर 112.

आमच्या घरात सगळ्यात मोठी भीती बदनामीची होती, म्हणून हे जरा सविस्तर. पोक्सो कायदा, 2012 (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव, शाळा, पत्ता, कुटुंब, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही माध्यमांना छापता येत नाही. माझ्या भावाला हे समजलं तेव्हा कुठे तो तक्रारीला तयार झाला.

दुसऱ्या दिवशी मुलाला शाळेत पाठवायचं की नाही, हे मुलालाच विचारा. वर्गशिक्षिकेला किती सांगायचं तेही त्याच्यासमोर ठरवा. झोप उडाली, जेवण सुटलं, एकटं बसायला लागलं, तर 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनची, मोफत सेवा आहे, अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. आणि कबूल केल्याप्रमाणे फोन त्याच्याकडेच राहू द्या. भाचीचा राहिला. कोजागरीला आमच्या गच्चीवर दूध आटवताना तिनं सगळ्यांचा एक फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, आजीला विचारून, फक्त घरच्या ग्रुपवर टाकला.