बाळाच्या गोधडीचं माप: कात्री हातात घेण्याआधी

मे महिन्यात गोव्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल असते. मिरच्या, सोलं, सुकी मासळी, पापड. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास घरात बाळ येणार असेल तर याच यादीत गोधडीचं कापडही लिहून टाका. कापड शिवण्याआधी धुवायला लागतं, आणि एकदा मिरग सुरू झाला की ते वाळता वाळत नाही, कुबट मात्र होतं. पण बाजाराला निघण्याआधी माप ठरलेलं हवं. दुकानात छापील हत्ती-मोर दिसले की मापाचं कुणाला सुचत नाही, दोन मीटर कापड घेऊन माणूस घरी येतो आणि मग त्या कापडात बसेल ती गोधडी होते.

माप ठरवताना बहुतेकजण बाळाच्या लांबीपासून सुरुवात करतात. मी आधी विचारते, ही गोधडी पसरणार कुठे आणि वाळणार कुठे? नव्या बाळाची लांबी जवळपास ठरलेलीच असते, साधारण ५० सेंटीमीटर, म्हणजे २० इंच. वर्षाचं होईपर्यंत ते ७५ सेंटीमीटरच्या आसपास जातं, तिसऱ्या वर्षी ९५च्या. घरं मात्र सारखी नसतात. फोंड्याकडच्या जुन्या घरात लांबरुंद सोपा असतो, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये पलंग आणि कपाट यांमधली फरशीची एक पट्टी.

पाळण्याचं माप मी विचारतच नाही. आपल्याकडे पाळण्यात गोधडी अंथरायची आणि वर दुसरी पांघरायची रीत आहे, पण बालरोगतज्ज्ञांचा सल्ला वेगळा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडिअॅट्रिक्स सांगते की पहिलं वर्षभर बाळ झोपेल तिथे गादी सपाट आणि घट्ट असावी, वर ताणून बसवलेली चादर असावी आणि बाळाला उताणं झोपवावं. उशी, गोधडी, सैल पांघरूण यांपैकी काहीच जवळ नको, कारण नाकातोंडावर आलेलं कापड बाजूला करणं एवढ्याशा बाळाला जमत नाही. ही गोष्ट आजीला पटवायला थोडे कष्ट पडतात. बारशाच्या दिवशी पाळणा सजवायला गोधडी घालावी, बायका भोवती असतात, बाळ डोळ्यांसमोर असतं. रात्री ती काढून ठेवावी.

म्हणजे पहिल्या वर्षात गोधडीला दोनच जागा उरतात, मांडी आणि जमीन. मांडीवरची ३० बाय ३० इंच पुरते. त्याहून मोठी झाली की टोकं पायात येतात आणि बाळाला घेऊन उठताना बाईचा पाय अडकतो. ती बाळाला गुंडाळायला मात्र घेऊ नका. गुंडाळायला दुपटं, एकेरी मऊ सुती, चाळीस इंचाचं चौकोनी. बाळंतविड्यात दुपटी, झबली, टोपडी, कुंची सगळं वेगवेगळं असतं ते उगाच नाही, एका कापडाने सगळी कामं होत नाहीत.

जमिनीवरच्या गोधडीसाठी माझं ठरलेलं माप ३६ बाय ४२ इंच. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ कुशीवर वळायला लागतं, पालथं पडतं, आणि एका वळणात हातभर पुढे जातं. तिशीची गोधडी तेव्हा अपुरी पडते. पावसात आपल्या फरशीला ओल सुटते हेही लक्षात असू द्या, बाळ गोधडीबाहेर गेलं की थेट गार फरशीवर. एकदा रांगायला लागलं की कुठलंच माप पुरत नाही, तेव्हा त्यासाठी मोठी करण्यात अर्थ नाही. चौकोनीपेक्षा किंचित लांबट बरी, डोक्याकडची आणि पायाकडची बाजू ओळखता येते. डोक्याकडच्या एका कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा तुकडा लावून ठेवा, म्हणजे अर्ध्या झोपेतही बाजू चुकत नाही. मुलाने चार-पाच वर्षांपर्यंत पांघरावी अशी इच्छा असेल तर ४२ बाय ६०, पण ती सरळ वेगळी गोधडी समजा आणि पहिल्या वाढदिवसानंतर द्या.

३६ बाय ४२ या मापाचं खरं कारण कापडाच्या पन्ह्यात आहे. साधं सुती कापड बहुतेक ४४ इंच पन्ह्याचं मिळतं. त्यातून दोन्हीकडची काठाची पट्टी काढली, धुतल्यावर शेकडा तीन ते पाच आटलं, की हाती उरतं साधारण ४१ इंच. अस्तर टाके घालताना सरकतं, म्हणून चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवायचं असतं. राहिले सदतीस. अस्तराला मधे जोड न देता एवढीच रुंदी मिळते, आणि अस्तराला जोड नसावा असं माझं मत आहे, कारण शिवणीची उंच रेघ नेमकी बाळाच्या पाठीखाली येते. लांबीला ४२ अधिक चार, म्हणजे ४६ इंच लागतात. सव्वा मीटर घेतलं तर ४९ इंच होतात, त्यातून आटणं वजा जाऊन बरोबर बसतं. दुकानदार मीटरमध्ये फाडतो आणि आपण इंचात बोलतो, तेव्हा हा हिशेब घरूनच करून न्या. गोठाच्या, म्हणजे कडेला लावायच्या, पट्टीसाठी आणखी ३५ सेंटीमीटर पुरे. अडीच इंच रुंदीच्या पाच पट्ट्या त्यात निघतात, आणि कडेची एकूण लांबी १५६ इंच आहे.

जुन्या साड्यांची करणार असाल तर आटण्याची चिंता मिटली, त्या वर्षानुवर्षं धुतलेल्याच असतात. साडेपाच मीटरच्या साडीतून या मापाचे चार थर निघतात, नऊवारीतून सात. मात्र निघतात म्हणून सातही थर घालू नका. विरलेली जागा उजेडासमोर धरून बघा आणि तेवढी टाळून कापा. निऱ्यांचा आणि पायाशी घासलेला भाग लवकर फाटतो, पदराकडचा टिकतो. साडी सुतीच हवी. नायलॉन किंवा पॉलिस्टर आपल्या दमट हवेत बाळाच्या अंगाला चिकटतं.

आता पद्धत. हेही माप ठरण्याआधीच ठरवायला लागतं. आपल्याकडे थर एकावर एक पसरतात, मधून बाहेर कच्चे टाके घालतात, मग धावदोरा, आणि गोठ शेवटी. त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत इंचभर कमी करायची सोय असते, आणि तुकडे जोडून केलेला वरचा थर लहान वाटला तर टाके घालण्याआधी भोवती पट्टी जोडून वाढवताही येतो. घाटापलीकडे कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी करतात त्याचं तंत्र उलट आहे. यांतल्या बऱ्याचजणींचे पूर्वज पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. त्या अस्तराची कड दुमडून एका कोपऱ्यापासून टाके सुरू करतात, तुकडे ठेवत ठेवत कडेकडेने फिरत आत येतात आणि मध्यावर संपवतात. कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना फुलं म्हणतात. दिसायला फार सुंदर काम. पण तिथे पहिल्याच टाक्याला माप पक्कं होतं, नंतर ना वाढ ना घट. त्या पद्धतीने करायची हौस असेल तर खडूने फरशीवर चौकट आखून, तीत बाहुली किंवा उशी ठेवून, दोन दिवस ती चौकट येता-जाता बघा. आणि बाळाच्या गोधडीला फुलं घातली तर ती तिन्ही बाजूंनी घट्ट टाचून टाका. बटण, गोंडा, मणी, सुटी लेस तर नकोच, सगळं तोंडात जातं.

दाट टाक्यांनी गोधडी आखडते. बोटभर अंतराच्या ओळी असतील तर छत्तीस इंचांमागे साधारण इंचभर धरा. अर्ध्या बोटाच्या असतील तर जास्त. म्हणून वरचा थर ३८ बाय ४४ कापावा.

जाडीचा विचार मापाबरोबरच करायचा. ३६ बाय ४२ म्हणजे जेमतेम एक चौरस मीटर. त्यामुळे वजनाचा हिशेब सोपा होतो, १०० जीएसएमचं (चौरस मीटरला शंभर ग्रॅम) वॅडिंग, म्हणजे मधे भरायचा तयार थर, घातलं तर शंभर ग्रॅम वाढतात. पांघरायच्या हौसेने ६० बाय ६० केली तर क्षेत्रफळ दुपटीहून जास्त, आणि ओली झाल्यावर तिचं ओझं उचलून बघा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा कपडे बल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओट्याच्या, दोरीवर नाहीतर पंख्याखाली वाळतात, आणि बाळाच्या गोधडीला धुणं रोजचं. कापूस भरलेली जाड गोधडी आतून ओलीच राहते, मग बुरशीचे काळे ठिपके येतात, ते जात नाहीत. तीन-चार सुती थर, मधे काही नाही, हे इथल्या हवेला पुरतं. आपली थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो, सत्तरी तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी थोडा आणखी. एका मोठ्या गोधडीपेक्षा त्याच कापडात लहान दोन करा, एक अंगाखाली, एक दोरीवर. दोरीची लांबीही एकदा मोजून घ्या, गोधडी दुमड न घालता पसरली तर लवकर वाळते.

लंडनला किंवा लिस्बनला असलेल्या भाचीसाठी करत असाल तर गणित बदलतं. तिथे बाबागाडी रोज बाहेर निघते, आपल्या रस्त्यांवर ती कितीशी चालते ते सोडा. गाडीतल्या गोधडीला ३० बाय ३६ पुष्कळ, त्याहून मोठी चाकांत जाते. घरात ड्रायर असेल तर तिथे वॅडिंग चालेल. मापाआधी तिला एवढंच विचारा, की मशीन केवढं आहे आणि गोधडी बॅगेतून येणार की टपालाने.

राहिलं किरकोळ. गडद लाल किंवा निळ्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग उतरला तर ते बाजूला ठेवा. धुताना नीळ, स्टार्च, सुगंधी पाणी काही नको. सुती दोरा, गोधडीची लांब सुई, टाचण्या मोजून घ्या आणि मोजून परत डबीत टाका, हे बाळाच्या बाबतीत विसरून चालत नाही. शिवणाची टेप जुनी असेल तर तिचं पत्र्याचं टोक झिजून शून्य सरकलेलं असतं, तेव्हा एक इंचापासून मोजायला सुरुवात करा आणि शेवटी एक इंच वजा करा.