बिझनेस एथिक्सचं प्रोफेसर व्हायचंय, तर नेमकं काय काय करायचं

दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, मॅडम मला बिझनेस एथिक्समध्ये करिअर करायचंय, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) कशात देऊ, पीएचडी कुठं करू, आणि मुळात या विषयाला पोस्ट तरी असते का. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी गेली चौदा वर्षं एमबीएच्या पोरांना हा विषय शिकवतेय, त्यातली पहिली चार सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशावर, गेली, त्यामुळे इथं लिहितेय ते बरंचसं स्वतः भोगलेलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फक्त बिझनेस एथिक्ससाठी म्हणून जाहिरात आपल्याकडं क्वचित निघते. जाहिरात असते मॅनेजमेंटची, एचआरची, स्ट्रॅटेजीची, आणि रुजू झालात की एथिक्सचा पेपर तुमच्याकडं येतो. कित्येक कॉलेजांत तर ज्याचा वर्कलोड भरत नाही त्याच्या गळ्यात हा पेपर मारतात, युनिट पाच, प्रश्न पाच, नोट्स वाटल्या, संपलं. म्हणून या विषयात नाव करायचं असेल तर तुमच्याकडं स्वतःचा एक प्रश्न हवा, असा की जो दहा वर्षं उगाळला तरी संपणार नाही. डिग्री, नेट, पेपर हे सगळं त्या प्रश्नाच्या मागून येऊ द्या. हे मी खूप उशिरा शिकले.

आता दारं. या विषयात शिरायला दोन दारं आहेत, एक फिलॉसॉफीचं आणि दुसरं मॅनेजमेंटचं. जगात बघितलं तर फिलॉसॉफीवाल्यांनीच हा विषय उभा केलाय म्हणलं तरी चालेल. स्टेकहोल्डर, म्हणजे कंपनीच्या कामाशी ज्याचं बरंवाईट बांधलेलं असतं तो प्रत्येकजण, हा शब्द आज प्रत्येक कंपनीच्या रिपोर्टमध्ये असतो, तो ज्यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळं घरोघरी गेला ते एडवर्ड फ्रीमन, त्यांची पीएचडी फिलॉसॉफीतली, आणि आयुष्य गेलं बिझनेस स्कूलमध्ये. आपल्याकडं १९९१ मध्ये जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमध्ये जेआरडी टाटांच्या नावानं बिझनेस एथिक्सचं फाउंडेशन झालं आणि १९९२ मध्ये आयआयएम कलकत्त्यात प्रा. एस. के. चक्रवर्ती यांच्या पुढाकारानं ह्यूमन व्हॅल्यूजचं सेंटर उभं राहिलं, तिथं उपनिषदं आणि टागोर घेऊन मॅनेजरांशी बोलायची पद्धत रुजली. पटो न पटो, ते वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पण एक खड्डा आहे आणि त्यात पोरं पडतात. एमए फिलॉसॉफी केलं, चांगले मार्क आहेत, नेटही आहे, आणि मग कळतं की एआयसीटीई (तांत्रिक आणि मॅनेजमेंट शिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता असलेल्या एमबीए कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमबीए, पीजीडीएम, एमकॉम, सीए असं काहीतरी फर्स्ट क्लासनं लागतं आणि वर दोन वर्षांचा अनुभव. आयआयएमसारख्या ठिकाणी पीएचडी आणि पेपर बघतात, तिथं फिलॉसॉफीवाल्याला जागा आहे, पण अशा जागा किती निघणार. त्यामुळे गावाकडच्या, मध्यमवर्गीय घरातल्या पोरांना मी स्पष्ट सांगते, एमबीए करा आणि फिलॉसॉफी जोडीला वाचा, किंवा बाहेरून एमए करा. कांट आणि अ‍ॅरिस्टॉटल नोकरी करता करता वाचता येतात, दोन वर्षांचा अनुभव मात्र घरी बसून येत नाही. आणि तो अनुभव पण जरा बघून घ्या. पर्चेस, ऑडिट, एचआर, प्लांट, अशा ठिकाणी. पर्चेसला दोन दिवाळ्या काढल्या की व्हेंडरकडून आलेला ड्रायफ्रूटचा डबा कधी निव्वळ डबा असतो आणि कधी नसतो ते कळायला लागतं, आणि हे कुठल्याच टेक्स्टबुकात इतकं नीट नसतं.

नेटचं थोडक्यात. बिझनेस एथिक्स असा वेगळा विषय नेटला नाही. मॅनेजमेंटचा कोड १७, फिलॉसॉफीचा ०३. मॅनेजमेंटच्या पहिल्याच युनिटमध्ये बिझनेस एथिक्स, सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी), कॉर्पोरेट गव्हर्नन्स आहे पण तेवढ्यावर पास होणार नाही, फायनान्स आणि स्टॅटिस्टिक्सचाही अभ्यास लागतोच. दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी नेटसारखीच सेट परीक्षा आहे, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, दोन्ही द्या. १ जुलै २०२३ पासून विद्यापीठ-कॉलेजांत असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडीची सक्ती काढून नेट, सेट हीच किमान अट केलीय. असं असलं तरी इंटरव्ह्यूला समोर दहा पीएचडीवाले बसलेले असतात हे डोक्यात ठेवा.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न कुठून आणायचा. माझा कसा मिळाला ते सांगते.

आठवं का नववं वर्ष असेल. सप्लाय चेनमधली जबाबदारी हा टॉपिक होता आणि मी नेहमीप्रमाणं बाहेरच्या देशातली बुटांच्या फॅक्टरीची केस घेणार होते, पण त्याच सुमारास, २०१९ मध्ये, बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजत होता, सरकारनं समिती नेमली होती. म्हणलं आज हेच घेऊ. फळ्यावर चार चौकटी काढल्या, मुकादम, साखर कारखाना, साखर घेणारी कोल्ड्रिंकची कंपनी आणि ते पिणारे आपण, आणि विचारलं जबाबदारी कुणाची किती. वर्ग छान बोलत होता, पोरं स्टेकहोल्डर थिअरी वगैरे लावत होती. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, सहसा तोंड न उघडणारा, उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, एक चौकट राहिली. घरातली. उचल बाप घेतो, कोयता दोघांचा मिळून एक धरतात, त्यात आईचं नाव कुठंच नसतं." आणि खाली बसला. उचल म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मी खडू हातात धरून तशीच उभी. सहा महिने आपल्या नवऱ्याबरोबर मोळ्या बांधणारी बाई, आणि करार ज्याला म्हणायचं त्यात ती पार्टीच नाही. मग संमती कुणाची? थिअरीत संमती देणारा माणूस एकटा धरलेला असतो, इथं तो जोडीत मोजलाय. त्या दिवशी घरी येऊन वहीत लिहिलं, "जोडीनं केलेल्या मजुरीत संमती कुणाची", आणि आजपर्यंत माझं सगळं काम त्या एका ओळीवर चाललंय.

म्हणून सांगते, प्रश्न आपल्या आसपास शोधा. उसाचंच घ्या, ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायची आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे, तरी थकबाकीसाठी आंदोलनं करावी लागतात. सभासद शेतकरी हाच सहकारी कारखान्याचा मालक आणि त्याचंच बिल थकलेलं, याच्यावर एथिक्सवाल्यांनी किती लिहिलंय? पतसंस्था आहेत, अ‍ॅपवर डिलिव्हरी करणारी पोरं आहेत, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार आहेत, आयटीतली नोटीस पिरियडची भानगड आहे. ज्या भाषेत ही माणसं बोलतात ती तुम्हाला येते, हे तुमचं भांडवल आहे, बाहेरच्या संशोधकाला त्यासाठी दुभाषा लागतो.

एक विषय मात्र शक्यतो टाळा, अमुक कंपन्यांच्या सीएसआर खर्चाचा अभ्यास. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं, नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा नफा ५ कोटी असेल तर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा, आणि तेव्हापासून याच्यावर थिसिसची रांग लागलीय. वार्षिक अहवालातले आकडे उचलायचे, टेबल करायचं, जागरूकता वाढली पाहिजे म्हणून शिफारस करायची. शोधगंगा ही साईट उघडा, तिथं थिसिस फुकट वाचायला मिळतात, आपला विषय आधी किती जणांनी केलाय ते अर्ध्या तासात कळतं. पैसा कमावला कसा हा एथिक्सचा प्रश्न आहे, कमावल्यावर शाळेला बाकं दिली का हा फार छोटा तुकडा झाला.

पीएचडीचे नियम २०२२ चे आहेत. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. कोर्सवर्क असतं, त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स हा दोन क्रेडिटचा पेपर सगळ्यांना आहे, तो तरी आपल्या विषयाच्या माणसानं झोपा काढत करू नये. गाईडकडं जागा मोजक्या असतात, असिस्टंट प्रोफेसरकडं ४, असोसिएटकडं ६, प्रोफेसरकडं ८, म्हणून गाईड आधी हेरून ठेवावा लागतो. गाईड एथिक्सचाच हवा असा हट्ट धरू नका, मिळणारच नाही कदाचित. लेबर इकॉनॉमिक्सचा, सोशॉलॉजीचा, ऑर्गनायझेशन बिहेविअरचा चालेल, पण तो स्वतः वाचणारा हवा आणि तुमचे फोन उचलणारा हवा.

पेपर छापण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. जर्नल ऑफ बिझनेस एथिक्स, बिझनेस एथिक्स क्वार्टरली, ही आपल्या विषयातली मोठी नावं, पहिलं तर फायनान्शियल टाइम्सच्या ५० जर्नल्सच्या यादीत आहे. तिथं रिजेक्ट होणं हे नेहमीचंच, पण रिव्ह्यू आले तर शिकायला भरपूर मिळतं, म्हणून पाठवत राहा. यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, आता जर्नल चांगलं की दुकान हे तुम्हालाच ठरवायचंय. चार दिवसांत पेपर स्वीकारला, इतके हजार भरा, असा मेल आला की डिलीट करा. आपल्या विषयात हे पाप दुप्पट लागतं. २०१२ मध्ये एक गाजलेला पेपर आला होता, फॉर्मच्या खाली सही घेण्यापेक्षा वर घेतली तर लोक कमी खोटं बोलतात असं सांगणारा, कित्येक वर्षं सगळ्यांनी तो वर्गात शिकवला, मीही शिकवला, आणि २०२१ मध्ये त्यातला डेटाच बनावट निघाला म्हणून तो मागे घ्यावा लागला. प्रामाणिकपणावरचा पेपर होता तो.

आणि नावाचं. माझ्या सुरुवातीच्या एका नोकरीत माझ्या पेपरवर वरिष्ठांचं नाव घाल म्हणून सांगितलं गेलं, त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं, मी घातलं. त्याच आठवड्यात वर्गात इंटेग्रिटीचं युनिट होतं आणि माझा आवाज निघत नव्हता, पोरांना वाटलं घसा बसलाय. त्यानंतर मी एक नियम केला तो तुम्हीही करा. काम सुरू व्हायच्या आधीच कोण काय करणार आणि नावं कुठल्या क्रमानं, हे मेलवर लिहून घ्यायचं. तोंडी नाही. मेल असला की समोरचाही विचार करून मागतो.

पैशाचं आणि वेळेचं खरं चित्र पण सांगते. सीएचबी म्हणजे तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे नाहीत, बिलं महिनोन्महिने अडकतात. घरात दुसरा पगार किंवा साठवलेले पैसे नसतील तर दोन वर्षांपेक्षा जास्त त्यात राहू नका, कंपनीत परत जा, पीएचडी पार्ट टाइम करा, त्यात कमीपणा काही नाही. कायम पोस्ट मिळाली तर असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, आणि पीएचडी हातात असताना लागलात आणि कॅसचे, म्हणजे बढतीच्या योजनेचे, सगळे टप्पे वेळेवर झाले तर प्रोफेसर व्हायला १५ वर्षं लागतात. वेळेवर सगळ्यांचं होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून ऑर्डर, सर्टिफिकेट, वर्कलोडचे कागद एका फायलीत लावत चला.

पुढं नाव झालं की कंपन्या ट्रेनिंगला बोलावतात, कोणी इंडिपेंडंट डायरेक्टर व्हा म्हणतं. तेव्हा सत्यम ही आयटी कंपनी आठवा. ७ जानेवारी २००९ ला तिचे चेअरमन रामलिंग राजू यांचं कबुलीचं पत्र आलं आणि हजारो कोटींचा खोटा ताळेबंद उघडा पडला, त्या बोर्डावर नामांकित बिझनेस स्कूलची माणसं बसलेली होती. ज्या कंपनीकडून फी घेता तिच्यावर केस लिहायची असेल तर फीचा उल्लेख पहिल्या पानावर करा, वर्गातही सांगा.

एवढं वाचून अजूनही करायचंच असेल तर या आठवड्यात एवढंच करा. एका पानावर तुमचा प्रश्न लिहा, मराठीतच लिहा आधी. तो कुणाच्या आयुष्यातला प्रश्न आहे, त्या माणसांपर्यंत तुम्ही कसे पोचणार, आणि शोधगंगेवर त्याच्याजवळ जाणारे कोणते थिसिस सापडले, बस. मग तीन गाईडना मेल करा, प्रत्येकाला वेगळा, त्यांचा एखादा पेपर खरंच वाचून आणि त्यातलं काय पटलं, काय नाही ते दोन ओळींत लिहून. "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम" असा एकच मेल चाळीस जणांना टाकू नका, आम्हाला लगेच कळतं. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, परीक्षेचे आणि अ‍ॅडमिशनचे दिवस सोडून, तेव्हा आमचा इनबॉक्स कोणीच बघत नसतं.