उंदरातला हिवताप: दुसऱ्या संसर्गातून प्रतिकारशक्ती कशी मोजावी

हिवताप होऊन बरा झालेला उंदीर दुसऱ्यांदा सहजी आजारी पडत नाही, हे दोन-तीन महिन्यांत दाखवता येतं. तो कशामुळे वाचला, हे दाखवणं कठीण. शक्यता तीन असतात: पेशी आणि अँटिबॉडींची खरी स्मृती, रक्तात तग धरून राहिलेले जुने परजीवी, किंवा ते मारायला दिलेल्या औषधाचा उरलेला अंश. या तिन्ही सुट्या काढता येतील अशी आखणी पहिल्या दिवशीच हवी, नंतर ती जोडता येत नाही.

खालची पद्धत प्लाझ्मोडियम चबाउडी या हिवतापाच्या परजीवीच्या एएस स्ट्रेनची (उपप्रकाराची) आहे, उंदीर सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या जातीचे. हा परजीवी मूळचा आफ्रिकेतल्या रानउंदरांचा, माणसाला होत नाही. तो प्रौढ तांबड्या पेशींत शिरतो, त्याचं चक्र २४ तासांचं असतं आणि सगळे परजीवी जवळपास एकाच वयाचे असतात. या जातीचे उंदीर सहसा त्यातून वाचतात, पण रक्तात अगदी थोडे परजीवी दोन-तीन महिने रेंगाळतात. प्लाझ्मोडियमचाच दुसरा प्रकार, बर्घाय एएनकेए, याच उंदरांना सहा ते दहा दिवसांत मेंदूचा हिवताप करून मारतो, त्यामुळे दुसऱ्या संसर्गाच्या प्रश्नासाठी तो कामाचा नाही. योएली या तिसऱ्या प्रकाराचा १७एक्सएनएल स्ट्रेन तीन-चार आठवड्यांत साफ होतो, पण त्याची ओढ कोवळ्या पेशींकडे असते. उंदराला ॲनिमिया झाला की कोवळ्या पेशी वाढतात आणि परजीवींचे आकडे त्यांच्या मागे धावतात.

उंदीर आणि गट

भारतात आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती) नियमांनुसार नोंदणीकृत पैदासकाराकडूनच उंदीर आणा. ६ ते ८ आठवड्यांच्या माद्या घ्या, सगळ्या एकाच ठिकाणच्या. टेस्टोस्टेरॉनमुळे नर जास्त आजारी पडतात, म्हणून एका प्रयोगात नर-मादी मिसळू नयेत. मध्येच खाद्य बदलू नका. परजीवीला पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल लागतं आणि खाद्यात ते कमी पडलं की संसर्ग आपोआप दबतो. दुधावर ठेवलेल्या उंदरांत हे १९५०च्या दशकातच दिसलं होतं.

प्रत्येकी ६ ते ८ उंदरांचे चार गट करा. पहिला: संसर्ग, मग क्लोरोक्विन (परजीवी मारणारं औषध). दुसरा: संसर्ग, औषध नाही. तिसरा: संसर्ग नाही, पण क्लोरोक्विन. चौथा: संसर्ग नाही, नुसतं औषधाचं द्रावक. शेवटच्या दोन गटांना पहिल्या दिवशी तेवढ्याच निरोगी तांबड्या पेशी टोचा. जागा किंवा पैसे कमी पडले की सगळ्यात आधी तिसऱ्या गटावर काट मारली जाते. नेमका तोच ठेवायचा असतो.

डोस

गोठवलेला साठा ३७ अंशांच्या पाण्यात झटकन वितळवा आणि २०० मायक्रोलिटर लगेच दाता उंदराच्या (ज्याचं रक्त पुढे टोचायचं त्याच्या) पोटात टोचा. प्रयोगातल्या उंदरांना थेट गोठवलेलं रक्त देऊ नका, कारण वितळताना किती परजीवी मेले हे कळत नाही. दात्याच्या रक्तात १ ते ५ टक्के पेशी बाधित दिसल्या की हेपरिनमध्ये (रक्त गोठू न देणारा पदार्थ) रक्त काढा. रक्तातून रक्तात वारंवार नेत राहिलं की परजीवी जास्त उग्र होतो, म्हणून कितवी फेरी आहे ते लिहून ठेवा आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा मूळ साठ्याकडे वळा.

समजा रक्तात दर मिलिलिटरला ९ × १०^९ तांबड्या पेशी आहेत आणि २ टक्के बाधित आहेत. म्हणजे १.८ × १०^८ बाधित पेशी. प्रत्येक उंदराला २०० मायक्रोलिटरमध्ये १०^५ द्यायच्या, तर द्रावणात दर मिलिलिटरला ५ × १०^५ हव्यात, म्हणजे ३६० पट पातळ. आधी २० मायक्रोलिटर रक्त ९८० मायक्रोलिटर थंड, ग्लुकोज घातलेल्या बफर सलाइनमध्ये. मग त्यातलं १ मिलि आणखी ६.२ मिलिमध्ये. पेशींचा आकडा गृहीत धरू नका, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची आखलेली काचपट्टी) मोजा. दाता थोडा जरी ॲनिमिक असला तरी डोस चुकतो. नळी बर्फात ठेवा, प्रत्येक वेळी भरण्याआधी उलटसुलट करा (पेशी तळाशी बसतात आणि शेवटच्या पिंजऱ्याला जास्त डोस जातो) आणि अर्ध्या तासात टोचून संपवा.

स्मिअर

स्मिअर म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. चौथ्या दिवसापासून तो रोज एकाच वेळी घ्या, शक्यतो सकाळी. नेहमीच्या उजेड-अंधारात परजीवी मध्यरात्रीच्या सुमारास फुटतात. त्याआधी पिकलेल्या बाधित पेशी यकृत-फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांना चिकटतात, त्यामुळे रात्रीची स्लाइड संसर्ग कमी दाखवते. एक दिवस सकाळी, एक दिवस रात्री असं केलं तर आलेखात नसलेले चढउतार दिसू लागतात.

शेपटीच्या टोकाचा छोटा थेंब, पातळ स्मिअर, पूर्ण सुकल्यावर मिनिटभर मेथॅनॉल, मग १० टक्के गिम्सा रंग २० मिनिटं. बफरचा पीएच ७.२ असावा. पाणी आम्लधर्मी असलं की सगळं गुलाबी दिसतं आणि परजीवीचं केंद्रक उठून येत नाही. पावसाळ्यात स्मिअर हवेवर सोडू नका. हळू सुकल्यामुळे पेशींत चकचकीत भोकं पडतात आणि नवखी नजर त्यांना रिंग (परजीवीची कोवळी, कडीसारखी अवस्था) समजते. पंख्याखाली धरा.

उंदराच्या रक्तात निरोगीपणीही काही पेशींत हॉवेल-जॉली कण (केंद्रकाचे उरलेले तुकडे) असतात. तो कण गर्द जांभळा, गोल आणि एकटा असतो. रिंगमध्ये लालसर ठिपक्याला लागून फिकट निळी कडी असते. फाइन फोकस किंचित मागेपुढे करा: कडी दिसली नाही तर तो परजीवी नाही. पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेट मात्र फोकस हलवला की पेशीच्या वर उचलल्यासारखी वाटते. दुसऱ्या संसर्गात आकडे ०.१ टक्क्याच्या आसपास असतात. तिथे पाच चुकीचे कण निकाल फिरवतात, म्हणून किमान १०,००० पेशी पाहा आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसू द्या.

संसर्ग सातव्या ते नवव्या दिवशी शिखरावर जातो, साधारण २० ते ४० टक्के. ॲनिमिया त्यानंतर, दहाव्या ते बाराव्या दिवशी सर्वात खोल जातो, म्हणून परजीवी उतरले की उंदरांवरचं लक्ष काढून घेऊ नका. रोज वजन आणि तापमान घ्या, पिंजऱ्याच्या तळाशी ओलसर खाद्य ठेवा. वजन २० टक्क्यांनी घटलं किंवा उंदीर थंडगार पडून हलेनासा झाला, तर मंजुरीत लिहिल्याप्रमाणे त्याला वेदनामुक्त मृत्यू द्या. वाट पाहिल्याने माहितीत भर पडत नाही, हाल मात्र वाढतात.

औषध, खात्री, दुसरा संसर्ग

३०व्या ते ३४व्या दिवशी, रोज एकदा, क्लोरोक्विन २५ मिग्रॅ प्रतिकिलो तोंडावाटे. ५०व्या दिवशी पहिल्या गटातल्या प्रत्येक उंदराचं १०० मायक्रोलिटर रक्त नव्या, निरोगी उंदराला टोचा आणि त्याचे स्मिअर दोन आठवडे पाहा. स्लाइड स्वच्छ असणं पुरेसं नाही. स्लाइडवर कधीच न सापडणारे मोजके परजीवी नव्या उंदरात वाढून उघडे पडतात. एका जरी नव्या उंदराला लागण झाली तर औषधाची फेरी पुन्हा करा आणि पुढच्या तारखा तेवढ्या ढकला.

सगळं स्वच्छ निघालं तर ७०व्या दिवशी चारही गटांना एकाच नळीतून १०^५ परजीवी टोचा. चौथ्या गटात नेहमीचं शिखर आलं पाहिजे, नाहीतर डोसच मेलेला होता. तिसरा चौथ्यापेक्षा कमी आला, तर औषध अजून शरीरात आहे आणि पहिल्या गटाच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. दुसरा पहिल्यापेक्षा बराच जास्त सुरक्षित निघाला, तर तेवढा वाटा रेंगाळलेल्या परजीवींचा मानावा लागेल.

अँटिबॉडी आणि पांथरी

सी५७बीएल/६ उंदरात आयजीजी२ए (अँटिबॉडीचा एक उपप्रकार) नसतं, त्याच्या जागी आयजीजी२सी असतं. बाल्ब/सी या दुसऱ्या जातीच्या उंदरांसाठी आणलेली २एची दुय्यम अँटिबॉडी (उंदराची अँटिबॉडी ओळखणारी) वापरली तर वाचन खोटं कमी येतं आणि उंदराची प्रतिक्रियाच दुबळी असल्यासारखी वाटते. अँटिबॉडी मोजायच्या प्लेटवर परजीवीचा अर्क लावत असाल तर शेजारच्या रांगेत निरोगी तांबड्या पेशींचा अर्क लावून तो आकडा वजा करा. हिवतापात बी पेशी सरसकट चेतवल्या जातात आणि स्वतःच्या पेशींविरुद्धही अँटिबॉडी बनतात.

पांथरी फुगलेली असते, पण त्या फुगीत लिम्फोसाइट्सपेक्षा रक्त बनवणाऱ्या कोवळ्या पेशी फार असतात. तांबड्या पेशी फोडायला वापरतात त्या अमोनियम क्लोराइडने त्या पुरत्या फुटत नाहीत. फ्लो सायटोमीटरवर पेशी मोजताना टेर-११९ (तांबड्या पेशींच्या वंशाची खूण) आणि मृत पेशींचा रंग दोन्ही वगळणीच्या चॅनेलमध्ये टाका, आणि सीडी४ पेशी (मदतनीस टी पेशी) केवळ टक्क्यांत न देता पूर्ण पांथरीतली संख्या द्या. संसर्गात टक्का घसरलेला असतो, तेव्हाही संख्या वाढलेली असू शकते.