पवनेच्या बॅकवॉटरला पोहायला जाताय? या चुका टाळा

पाण्यात उतरू नका, असे फलक पवना धरणाच्या काठावर लागलेले असतात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मनाई आदेशही काढतं. तरी रविवारी सकाळी तंबूतून उठून, टॉवेल खांद्यावर टाकून मंडळी निघतातच. फलक वाचून परत फिरलात तर उत्तम. हे पाणी शेवटी पिंपरी-चिंचवडच्या नळाला जातं, तेवढं तरी ध्यानात असू द्या. पण काठावर उभं राहून मी ज्या चुका वर्षानुवर्षं बघतोय त्या ठरावीक आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच पाण्याच्या गारव्यापाशी येऊन थांबतात.

पाय बुडवून पाणी जोखणं

सगळ्यात मोठी चूक हीच. एप्रिल-मेच्या दुपारी काठाचं गुडघाभर पाणी चांगलं कोमट झालेलं असतं. माणूस खूश होतो, चार पावलं आत जाऊन सूर मारतो, आणि दोन पुरुष खाली त्याला वेगळंच पाणी भेटतं. वरचं उन्हातल्या पिंपातलं, तर खालचं माठातलं.

कारण साधं आहे. ऊन वरचाच थर तापवतं. तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं. थंड पाणी जड, ते तळाशी बसून राहतं. वारा ढवळतो तोही वरचा भागच. हिवाळ्यात वरचं पाणी निवून खाली बसायला लागतं, तेव्हा कुठे दोन्ही एक होतात.

भाच्याला हे पटेना. मग मागच्या मे महिन्यात एका काचेच्या बाटलीत दोन खडे आणि माशांच्या टाकीतला थर्मामीटर टाकला, गळ्याला सुतळी बांधली, सुतळीला हात-हातावर गाठी मारल्या आणि होडीवाल्याला मध्यावर न्यायला सांगितलं. वर ३० अंश. वीस गाठी सोडल्या, दहा मिनिटं थांबलो, झरझर ओढली: २४.

"मामा, सहाच अंश?"

"उद्या अंघोळीच्या मध्येच गिझर बंद करतो, मग सांग."

आता खरं सांगायचं तर २४ अंश म्हणजे काही हिमालयातलं पाणी नव्हे. बर्फाळ पाण्यासारखा धक्का इथे बसत नाही. पण अंग उन्हाने तापलेलं, दम आधीच लागलेला, त्यात डोकं पाण्याखाली. अशा वेळी छाती आखडते, नको तेव्हा श्वास आत ओढला जातो, आणि गडबडीत हातपाय मारताना पोटरीत गोळा येतो. म्हणून सूर मारूच नका. आधी तोंड, मान, छाती ओली करा, चालत उतरा, आणि मध्याकडे न जाता काठाला धरून पोहा.

गोळा आलाच तर त्याच पायाने जोर लावून काठ गाठायला जाऊ नका. उताणे व्हा, तरंगत राहा, चवडा हाताने आपल्याकडे ओढा. मिनिटभरात सुटतो. ते मिनिट फार लांब वाटतं, पण कळ काढायची.

"मी विहिरीत शिकलोय"

कमरेला डबा बांधून विहिरीत ढकललेले आम्हीही त्यातलेच. पण विहिरीचं पाणी बाराही महिने साधारण सारखंच असतं, म्हणून तर ते थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं. आणि दोन हात मारले की कठडा येतो. धरणात कठडा नाही.

शिवाय पवनेच्या पाण्याखाली सपाट जमीन नाही, बुडालेली भातखाचरं आहेत. कमरेएवढ्या पाण्यात तुम्ही निवांत चालत असता ते एका खाचरात. बांध ओलांडला की खालचं खाचर, आणि पाणी एकदम गळ्याला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा काठाने फिरून बघा. या पायऱ्या आणि अर्धवट सुकलेला गाळ स्वच्छ दिसतो. वरून भेगाळलेला, आत पाय टाकला की मांडीपर्यंत रुततो. ऑक्टोबरात तेच सगळं तुडुंब निळ्या पाण्याखाली गेलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात देखणं दिसतं.

उन्हाळ्यात दुपारनंतर घाटावरून पश्चिमेचा वारा सुटतो, तोही हिशेबात धरा. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी चार वाजता लाटा मारायला लागतं. ट्रकच्या ट्यूबवर पहुडलेला माणूस धरणाच्या भिंतीच्या दिशेने वाहत जातो आणि त्याला पत्ताही नसतो. ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे.

थंडीत पाण्यातच बसून राहणं

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मावळात हवा दहा-बारा अंशांवर येते, पाणी मात्र विशीच्या पुढे. वाफा निघताना दिसतात, आत गेलं की उबदार वाटतं. बाहेर आलात, वारा लागला, की दात वाजायला लागतात. मग लोक काय करतात, तर परत पाण्यात शिरतात! इथेच फसगत आहे. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी वेगाने खेचून घेतं. ऊब वाटत असली तरी शरीर निवतच असतं. बोटं जुळेनाशी झाली, बोलणं अडखळलं की खेळ आवरायचा. ओले कपडे काढा, अंग कोरडं करा, डोकं-कान झाका, गरम चहा घ्या. रम नको. दारूने कातडी गरम लागते आणि आतली उष्णता उलट लवकर निघून जाते.

पावसाळ्यात

उतरूच नका. पाणी गढूळ, तळ दिसत नाही, पातळी तासागणिक चढते, आणि डोंगरावर पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही येऊन धडकतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर विसर्ग वाढला की पळायलाही वेळ मिळत नाही.

बुडणाऱ्यामागे उडी घेणं

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात बाजूला फडफडतात, बस. त्याच्यामागे उडी घेणारा पोहणारा असला तरी मिठीत सापडतो. दोरी फेका, काठी द्या, ओढणी-टॉवेल बांधून टाका. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन मोठ्या माणसालाही थोडा वेळ तोलून धरतो. एकाने ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा. काही खोबणींत रेंज नसते, ती कुठे मिळते हे उतरण्याआधीच बघून ठेवा.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं हे सगळं बंद. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न छातीत जाण्याची भीती. श्वास नसेल तर उताणं झोपवा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब, मदत येईपर्यंत. शुद्धीवर येऊन "मी बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

भाच्याच्या गाडीच्या डिकीत आता पंधरा मीटर नायलॉनची दोरी आणि एक रिकामा कॅन असतो. गाठींची सुतळीही आहे, ती मात्र त्याने मित्रांना दाखवायला ठेवली आहे.